वायव्य हिमालयातील दैनिक तापमान कक्षेतील दीर्घकालीन बदल : नोंदींच्या इतिहासाच्या अंगाने एक अभ्यास

प्रस्तावना

पुण्याच्या शिवाजीनगर भागातील एका चौकाला ‘सिमला ऑफिस’ असे नाव आहे. हे नाव ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याचा उगम ठाऊक असतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाचे मुख्यालय १९०५ मध्ये कलकत्त्याहून शिमल्यास गेले, १९२८ मध्ये तेथून पुण्यास आले आणि १९४४ मध्ये दिल्लीस हलले. मुख्यालय गेले, तरी लोकांनी दिलेले नाव राहिले, आणि देशभरातील वेधशाळांच्या नोंदींचे राष्ट्रीय भांडारही पुण्यातच राहिले. हिमालयातील तापमानाचा इतिहास ज्यास लिहावयाचा आहे, त्यास हिमालयाइतकेच पुण्याकडेही पाहावे लागते.

चोवीस तासांतील कमाल व किमान तापमानांतील फरक म्हणजे दैनिक तापमान कक्षा होय. किनारपट्टीवर ती कमी असते आणि खंडांतर्गत, कोरड्या प्रदेशात जास्त असते, हे शालेय भूगोलातही शिकविले जाते. रत्नागिरी आणि नागपूर यांची तुलना महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. उंच पर्वतीय प्रदेशात या कक्षेला वेगळे महत्त्व प्राप्त होते. तेथे गोठणबिंदू हा वर्षातील अनेक महिने रोजच्या व्यवहाराचा भाग असतो. दिवसाचे कमाल तापमान दोन अंशांनी वाढले आणि रात्रीचे स्थिर राहिले, तर सरासरी एका अंशाने वाढते. रात्रीचे दोन अंशांनी वाढले आणि दिवसाचे स्थिर राहिले, तरीही सरासरी एका अंशानेच वाढते. सरासरीच्या कोष्टकात या दोन्ही घटना सारख्याच दिसतात. हिमनदीच्या काठावर मात्र त्यांचे परिणाम एकमेकांपासून अगदी भिन्न असतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जगभरातील अभ्यासकांचे असे मत बनले होते की, रात्री दिवसांपेक्षा अधिक वेगाने तापत आहेत आणि तापमान कक्षा आकुंचन पावत आहे. वायव्य हिमालयातील नोंदी याच्या उलट साक्ष देतात. ही साक्ष कशी निर्माण झाली, ती कितपत विश्वसनीय आहे आणि तिचा अर्थ कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नोंदी कशासाठी ठेवल्या गेल्या

हिमालयातील तापमानाची पद्धतशीर निरीक्षणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाली. हर्मान, आडोल्फ व रॉबर्ट या श्लागिन्टवाइट बंधूंनी १८५४ ते १८५७ या काळात भारत व उच्च आशियाचा प्रवास केला. १८५७ मध्ये आडोल्फची काशगर येथे हत्या झाली. या मोहिमेच्या वृत्तान्ताचा चौथा खंड सर्वस्वी हवामानास वाहिलेला असून तो १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा प्रवाशांच्या नोंदी मोलाच्या असल्या तरी त्यांतून कल काढता येत नाही. आज येथे, उद्या तेथे अशा फिरत्या तापमापकाची नोंद म्हणजे त्या दिवशीचे, त्या जागेचे केवळ एक चित्र असते. कल काढण्यासाठी एकाच जागी, एकाच पद्धतीने, पिढ्यान्पिढ्या घेतलेली निरीक्षणे लागतात. त्यासाठी शासनयंत्रणा लागते.

ती यंत्रणा १८७५ मध्ये भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या रूपाने उभी राहिली. तिचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हे होत. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. त्याची सर्वाधिक झळ दख्खनला बसली, हे महाराष्ट्रातील इतिहासाच्या अभ्यासकांस सांगावयास नको. मोसमी पावसाचा अंदाज आधी मिळावा अशी मागणी शासनाकडून झाली. हिमालयावरील हिवाळी बर्फवृष्टी जास्त झाली, की पुढील मोसमात भारतातील पाऊस कमी होतो, असे प्रतिपादन ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये केले आणि १८८६ मध्ये पहिला हंगामी अंदाज वर्तविला. या विचारामुळे हिमालयातील ठाण्यांना महत्त्व आले. श्रीनगर, शिमला व लेह येथील दीर्घ नोंदींचा पाया याच काळात पडला.

म्हणजेच, लेहचा तापमापक लडाखच्या शेतकऱ्यासाठी लावलेला नव्हता. मैदानातील पिकांचा व पर्यायाने महसुलाचा अंदाज यावा यासाठी तो लावला गेला होता. दैनिक तापमान कक्षा मोजणे हा कोणाचाच हेतू नव्हता. कमाल व किमान असे दोन तापमापक शेजारी शेजारी टांगलेले होते आणि नोंदवहीत दोन रकाने होते, एवढ्यावर ती आपोआप जमा होत गेली. ज्या हेतूने कागदपत्र तयार होते त्याहून वेगळ्या प्रश्नाचे उत्तर त्यात शोधावे लागणे, ही इतिहासाच्या अभ्यासकाची नेहमीचीच अडचण आहे. फरक इतकाच, की येथे कागदपत्र अंकांचे आहे आणि अंक तटस्थ असतात असा समज लवकर होतो.

उपकरणांची साक्ष

तापमान कक्षा ही दोन आकड्यांची वजाबाकी असल्यामुळे दोन्ही उपकरणांतील दोष तिच्यात उतरतात. कमाल तापमापकात पारा असतो. नळीच्या अरुंद भागामुळे वर चढलेला पारा आपोआप खाली येत नाही. किमान तापमापकात अल्कोहोल असते व त्यात बुडालेला छोटा दर्शक नीचतम बिंदूपाशी थांबतो. अल्कोहोलचे बाष्प होऊन ते नळीच्या वरच्या टोकास साचले, तर किमान तापमान प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. पारा उणे ३८.८ अंश सेल्सिअसला गोठतो. त्यामुळे अतिशीत ठिकाणी किमान तापमानासाठी अल्कोहोलला पर्याय नव्हता.

याहून मोठा प्रश्न तापमापकाच्या निवाऱ्याचा आहे. एकोणिसाव्या शतकात भारतातील वेधशाळांत तापमापक गवताने शाकारलेल्या, बाजूंनी मोकळ्या मांडवाखाली ठेवीत. स्कॉटलंडमध्ये थॉमस स्टीव्हन्सन यांनी १८६० च्या दशकात आखलेली झडपांची पांढरी लाकडी पेटी भारतात सर्वत्र रूढ होण्यास १९२० चे दशक उजाडावे लागले. मोकळ्या मांडवातील व पेटीतील हवेचे तापमान दुपारी व पहाटे एकसारखे येत नाही. सरासरीत हे दोष कधी परस्परांस छेद देऊन नाहीसे होतात, परंतु वजाबाकीत ते एकत्र येण्याचीही शक्यता असते. ज्या काळात निवारा बदलला त्याच काळातील कक्षेचा चढ वा उतार हवामानाचा म्हणून सांगण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा लागतो. निरीक्षणाची वेळ हाही असाच मुद्दा आहे. दुपारचा उच्चांक गाठण्यापूर्वीच निरीक्षकाने कमाल तापमापक वाचून पूर्ववत केला, तर त्या दिवसाची कमाल दुसऱ्या दिवसाच्या खात्यात जमा होते.

ही शंका केवळ जुन्या काळापुरती नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडील पर्वतांत बर्फ मोजण्यासाठी उभारलेल्या स्वयंचलित केंद्रांच्या जाळ्यात संवेदक बदलले गेले. उंचावर रात्रीचे तापमान फार वेगाने वाढत असल्याचे त्या नोंदींतून दिसत असे. १९९१ ते २०१२ या काळातील हा वेग दर दशकास १.१६ अंश सेल्सिअस इतका होता. ऑयलर व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, संवेदकातील बदलाचा परिणाम वजा केल्यास तो अवघा ०.१०६ अंश उरतो. जवळजवळ सारी ‘वाढ’ उपकरणाने निर्माण केली होती. विजेवर चालणाऱ्या अत्याधुनिक केंद्रांची ही कथा असेल, तर गवती मांडवाखालील तापमापकाबाबत सावध राहणेच शहाणपणाचे ठरते.

जागतिक चित्र आणि भारतीय अपवाद

थॉमस कार्ल व सहकाऱ्यांचा १९९३ चा शोधनिबंध या विषयातील एक टप्पा मानला जातो. पृथ्वीवरील सुमारे ३७ टक्के भूभागाच्या १९५१ ते १९९० या काळातील नोंदींवरून त्यांनी दाखविले की, किमान तापमानाची वाढ ०.८४ अंश, तर कमाल तापमानाची केवळ ०.२८ अंश होती. रात्री दिवसांच्या तिप्पट तापल्या होत्या. ईस्टरलिंग व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अधिक व्यापक सामग्री घेऊन याच दिशेचा निष्कर्ष काढला. वाढलेले ढग, हवेतील सूक्ष्म कण आणि जमिनीतील ओलावा या घटकांमुळे दुपारचे ऊन मंदावते व दिवसाची कमाल दबते, अशी त्याची उपपत्ती देण्यात आली. पुढे असेही दिसून आले की, साधारण १९८० नंतर जागतिक पातळीवर कमाल व किमान जवळपास सारख्याच वेगाने वाढू लागली आणि कक्षेचे आकुंचन थांबले.

भारत या चित्रात आरंभापासूनच बसत नव्हता. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील के. रूपकुमार, के. कृष्णकुमार व जी. बी. पंत यांनी १९९४ मध्ये १९०१ ते १९८७ या काळातील भारतीय नोंदींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. भारतातील तापमानवाढ जवळजवळ सर्वस्वी कमाल तापमानामुळे झाली असून किमान तापमानात उल्लेखनीय कल नाही आणि त्यामुळे दैनिक तापमान कक्षा रुंदावत आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. जागतिक निष्कर्ष नुकताच प्रस्थापित होत असताना, अवघ्या वर्षभरात, पाषाणच्या परिसरातून आलेल्या या निष्कर्षाची जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी झाली, असे म्हणता येणार नाही.

वायव्य हिमालयाची साक्ष

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पश्चिम हिमालय व काराकोरमविषयी तीन महत्त्वाचे अभ्यास थोड्या थोड्या अंतराने प्रसिद्ध झाले. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील आर. आर. यादव व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये वृक्षवलयांच्या व वेधशाळांच्या आधारे पश्चिम हिमालयातील मार्च ते मे या महिन्यांचा विचार केला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या महिन्यांचे सरासरी तापमान घटल्याचे त्यांना आढळले. कमाल तापमान वाढत होते, परंतु किमान तापमान त्याच्या सुमारे तिप्पट वेगाने उतरत होते. सरासरीची घट ही अशी दोन विरुद्ध ओढींतून निर्माण झाली होती. सरासरी किती फसवी असू शकते याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. फाउलर व आर्चर यांनी २००६ मध्ये सिंधूच्या वरच्या खोऱ्यातील १९६१ ते २००० या काळातील नोंदी तपासल्या. तेथे हिवाळे तापत होते, उन्हाळे थंडावत होते, तथापि दैनिक तापमान कक्षा मात्र सर्व ऋतूंत वाढत होती. काराकोरममधील काही हिमनद्या जाड होत असल्याच्या निरीक्षणाशी उन्हाळ्याची ही थंडाई जुळते, हे त्यांनी नमूद केले.

तिसरा अभ्यास या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. हिम व हिमस्खलन अभ्यास संस्थेतील एम. आर. भुतियानी आणि पुणे विद्यापीठातील वि. स. काळे व एन. जे. पवार यांनी २००७ मध्ये श्रीनगर (सुमारे १६०० मीटर), शिमला (सुमारे २२०० मीटर) व लेह (सुमारे ३५०० मीटर) येथील शतकभराच्या नोंदी एकत्र अभ्यासल्या. वायव्य हिमालयाचे तापमान शंभर वर्षांत सुमारे १.६ अंश सेल्सिअसने वाढले, हिवाळे अधिक वेगाने तापले, कमाल व किमान दोन्ही वाढली, परंतु कमाल तापमान किमान तापमानापेक्षा बऱ्याच अधिक वेगाने वाढले आणि परिणामी कक्षा लक्षणीय रुंदावली, असे त्यांचे निष्कर्ष आहेत. आल्प्स व रॉकी पर्वतांत किमान तापमान अधिक वेगाने वाढल्याचे दिसते, त्याच्याशी हे विसंगत असल्याचे त्यांनी स्पष्टपणे मांडले. खऱ्या अर्थाने तापमानवाढ १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून सुरू झाली असेही त्यांना आढळले.

या निष्कर्षावर उघड आक्षेप घेता येतो तो ठाण्यांच्या संख्येचा. तीन ठाण्यांनी साऱ्या वायव्य हिमालयाच्या वतीने बोलावे काय? तिन्ही ठाणी वस्तीच्या ठिकाणी आहेत. श्रीनगर व लेह खोऱ्यांत आहेत, तर शिमला डोंगराच्या कण्यावर आहे. हा आक्षेप रास्त आहे. तथापि शहरीकरणाच्या आक्षेपाचे तसे नाही. शहराची उष्णता प्रामुख्याने रात्री जाणवते. दगडविटांत साठलेली ऊब रात्री बाहेर पडते आणि किमान तापमान वाढते. शिमला व श्रीनगर गेल्या शतकात कितीतरी वाढली. केवळ शहरीकरणाचा परिणाम असता तर कक्षा आकसली असती. ती रुंदावली, याचा अर्थ शहराच्या विरुद्ध ओढीवर मात करूनही कल शिल्लक राहिला आहे. निवाऱ्यातील बदल १९२० च्या दशकातील, तर तापमानवाढीचा मुख्य काळ १९६० च्या दशकानंतरचा आहे, हेही या निष्कर्षाच्या बाजूने जाते.

पुढे शेखर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पश्चिम हिमालयातील हिवाळी ऋतूंचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९८४-८५ ते २००७-०८ या काळात कमाल तापमान सुमारे २.८ अंशांनी, तर किमान सुमारे १ अंशाने वाढल्याचे त्यांत दिसते. हा कालखंड लहान आहे. परंतु त्यामागे हिमस्खलनाच्या अंदाजासाठी लष्करी गरजेतून उभारलेल्या उंचावरील निरीक्षण केंद्रांचे जाळे आहे. महसुलासाठी ठेवलेल्या जुन्या नोंदी आणि सैनिकांच्या सुरक्षिततेसाठी ठेवलेल्या नव्या नोंदी यांचे हेतू, जागा व माणसे सर्वस्वी भिन्न असूनही दोहोंचा कल एकाच दिशेचा निघाला. इतिहासात दोन स्वतंत्र साक्षीदार जुळले की विश्वास वाढतो, तसेच येथेही म्हणता येईल.

कारणांचा विचार

या विस्ताराचे एकच कारण सांगता येत नाही. बर्फाचे आच्छादन कमी झाले की पांढऱ्या पृष्ठाऐवजी काळी जमीन उघडी पडते. ती ऊन शोषते आणि दुपारचे तापमान वाढते. पश्चिम हिमालयातील हिवाळी बर्फवृष्टी त्याच अभ्यासकालात लक्षणीय घटल्याचे शेखर यांच्या निबंधात आहे. निरभ्र आकाशाचा परिणाम याच दिशेचा असतो. दिवसा ऊन अडत नाही आणि रात्री जमिनीची उष्णता निर्वेधपणे अवकाशात निघून जाते. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पर्जन्य होते. हवा विरळ व कोरडी असते. अशा ठिकाणी ढगांतील थोडासा फरकही कक्षेत उमटतो. यादव यांनी जंगलतोड व जमिनीची धूप यांवर भर दिला. वृक्षराजी व ओलावा गेल्यावर जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. लेहच्या परिसरात हे कारण अर्थातच लागू पडत नाही. तेथे तोडावयास जंगल नव्हतेच.

संपूर्ण हिमालयाविषयी हे विधान करणे मात्र चुकीचे ठरेल. तिबेटच्या पठारावर १९६० नंतर किमान तापमान कमाल तापमानापेक्षा वेगाने वाढून कक्षा आकसली आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदुकुश-हिमालय प्रदेशाच्या विस्तृत मूल्यमापनातही १९०१ ते २०१४ या काळात किमान तापमानाचीच वाढ अधिक असल्याचे म्हटले आहे. या प्रदेशाच्या व्याख्येत तिबेटचे पठार व म्यानमारपर्यंतच्या रांगा येतात. त्यामुळे वायव्येचा वेगळेपणा सरासरीत बुडून जातो. एव्हरेस्टच्या पायथ्याशी सुमारे ५०५० मीटरवर असलेल्या ‘पिरॅमिड’ प्रयोगशाळेच्या नोंदींत १९९४ नंतर वाढ मुख्यतः किमान तापमानातच दिसते. सालेर्नो व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये याचे एक अनपेक्षित स्पष्टीकरण दिले. तापलेल्या हवेमुळे हिमनदीवरून उताराने वाहणारे थंड वारे बळावतात आणि दुपारची कमाल खाली आणतात. ज्या पर्वतरांगेला एका नावाने ओळखले जाते, तिच्या दोन टोकांना तापमान कक्षा परस्परविरुद्ध दिशांनी सरकत आहे.

कक्षेवर उभी असलेली शेती

हे केवळ आकड्यांचे प्रकरण नाही. लडाखमधील शेती दैनिक तापमान कक्षेवरच उभी आहे. दुपारच्या उन्हाने वितळलेले पाणी खालच्या गावापर्यंत पोचेस्तोवर संध्याकाळ होते. रात्री शेतास पाणी देणे कठीण, म्हणून ते ‘झिंग’ नावाच्या छोट्या तळ्यांत साठवून सकाळी सोडण्याची तेथे जुनी रीत आहे. पाणीवाटप पाहणाऱ्या ‘चुरपोन’ या गावकारभाऱ्याचे वेळापत्रक म्हणजे एका अर्थी त्या गावाच्या तापमान कक्षेचेच वेळापत्रक होय.

स्थापत्य अभियंता चेवांग नोर्फेल यांनी १९८० च्या दशकापासून लडाखमध्ये कृत्रिम हिमनद्या उभारल्या. त्यांची रचना याच तत्त्वावर आहे. हिवाळ्यात वाया जाणारे प्रवाहाचे पाणी वळवून सावलीतील घळीत, उथळ बांधांमागे पसरावयाचे. ते रात्रीच्या गारठ्यात थरावर थर गोठते. मूळ हिमनदीहून खालच्या उंचीवर असल्याने हा साठा वसंतात लवकर वितळतो आणि पेरणीच्या वेळी पाणी मिळते. सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात प्रथम उभारलेला हिमस्तूपही रात्रीच्या थंडीवरच गोठतो. शंकूच्या आकारामुळे उन्हास कमी पृष्ठभाग मिळतो एवढाच त्यातील फरक.

आता कमाल तापमान किमान तापमानापेक्षा वेगाने वाढत असेल, तर रात्री अजून गोठवीत राहतील, परंतु दिवस तो बर्फ पेरणीपूर्वीच नेतील. किमान तापमान वेगाने वाढू लागले तर पाणी मुळात गोठणारच नाही. पहिल्या स्थितीत सावली, आकार व जागा यांची निवड बदलून मार्ग काढता येतो. दुसऱ्या स्थितीत साराच उपाय निकामी होतो. हिमाचलातील सफरचंदाचेही असेच आहे. फळधारणेसाठी झाडाला हिवाळ्यात ठराविक काळ सात अंशांखालील थंडी लागते. ती कमी पडू लागल्याने कुलू खोऱ्याच्या खालच्या भागातील बागा मागे पडून लागवड लाहौल-स्पीतीच्या दिशेने वर सरकली आहे. हे थंडीचे तास दुपारच्या उबेने कमी झाले की रात्रीच्या, हे कोणत्याही वार्षिक सरासरीवरून कळत नाही.

नोर्फेल यांचे बांध ज्या सावलीच्या घळींत आहेत, त्या लेहच्या वेधशाळेपेक्षा बऱ्याच उंचीवर आहेत. लेहची नोंद तेथे लावावयाची, तर उंचीनुसार तापमान ठराविक दराने घटते हे गृहीत धरावे लागते. स्वच्छ हिवाळी रात्री थंड हवा दरीच्या तळाशी साचते आणि वरच्या उतारावरची हवा तुलनेने उबदार राहते. अशा रात्री नेमके हेच गृहीतक कोलमडते. सव्वाशे वर्षांपूर्वी मैदानातील पावसाच्या अंदाजासाठी टांगलेल्या त्या दोन तापमापकांच्या वहीवरूनच आजही या घळींतील रात्रींचा अंदाज बांधला जात आहे.